साडूंचा तळवा

माझे साडू एका प्रयोगशाळेत फ्रीझर सांभाळतात. कपाटाएवढे उंच, आत उणे ऐंशी अंश, त्यात रक्ताचे नमुने. रोज सकाळी प्रत्येक फ्रीझरच्या अंगावर तळवा ठेवायचा, घरघर ऐकायची, मगच चहा. म्हणून तिथे सगळे त्यांना नाडीवाले म्हणतात. मला हे नीट सांगता येईल की नाही कोण जाणे.

गेल्या वर्षी जुने फ्रीझर काढून नवे आणले. निम्म्याहून कमी वीज खातात, खोली तापवत नाहीत, आवाज तर जवळजवळ नाहीच. सगळे खूश. साडूंचा मात्र जीव थाऱ्यावर राहीना. तळव्याला काही लागेना, कानाला काही येईना. दारावरच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणायचे, वेळ तर बंद पडलेलं घड्याळही दाखवतं.

त्यातल्याच एकात त्यांच्या धाकट्या मुलीचं रक्त होतं. तिचे पाय लुळे पडत चाललेत आणि दुखण्याचं नाव कुणालाच सांगता येत नाही. नवी तपासणी सुरू होईपर्यंत रक्ताची ती नळी टिकायला हवी होती. औषधं सुरू होण्याआधीचं रक्त ते. पुन्हा मिळणार नव्हतं.

एक दिवस प्रमुख बाईंनी त्यांना बोलावलं. समोर तापमानाचा आलेख होता. रोज दोनदा तापमान चढतंय, एकला आणि पाचला; कंपनीचा माणूस बोलवावा का, असं त्यांनी विचारलं.

साडू आलेखाकडे बघत राहिले. जेवणाआधी आणि घरी निघताना, तोंडावर गारठा घेऊन खात्री केल्याशिवाय त्यांचा पाय निघत नसे.

"नको," ते म्हणाले. "दार मीच उघडतो."

बाईंनी आलेख बाजूला सारला. "तुमच्या मुलीची नळी खालच्या खणात आहे, नाडीवाले. दार उघडलं की आधी वरचा खण तापतो. तिथेही कुणाच्या तरी मुलीच आहेत."

अजून काही बिघडलेलं नाही, असंही त्या म्हणाल्या. ते साडूंच्या कानात शिरलंच नाही. त्यांनी खिशातली फ्रीझरची चावी काढून टेबलावर ठेवली.

परवा ते आमच्याकडे आले. बसायला सांगितलं तरी बसेनात. बोलता बोलता स्वयंपाकघरात गेले आणि आमच्या जुन्या, खडखडणाऱ्या फ्रीजवर तळवा ठेवून उभे राहिले.

"भावजी, औषध लिहून देताय का त्याला?" बायकोने विचारलं.

ते हसले. हात तिथेच.

"मंगळवारी तपासणीसाठी नळी बाहेर काढणार आहेत," म्हणाले.

मी चहाचं आधण ठेवलं. दूध फ्रीजमध्येच होतं. त्या दिवशी मी कोरा चहा केला.