अडखळणारे हात

शनिवार, १४ मार्च. ऊन चांगले. चादरी दुपारपर्यंत वाळल्या. चार वाजता वाचनालयात वर्गाची सगळी मंडळी प्रथमच समोरासमोर येणार. रात्री झोप नीट लागली नाही, आनंदाने.

एवढे लिहून बाईंनी डायरी मिटली. लिहायची वेळ खरी संध्याकाळची, पण आज तोपर्यंत थांबवेना. दिवा बंद केला, कुलूप ओढून पाहिले, परत एकदा ओढून पाहिले, आणि वयाला न शोभणाऱ्या वेगाने जिना उतरल्या.

बाईंच्या आई-वडिलांना, दोघांनाही, ऐकू येत नव्हते. त्यामुळे बाई बोलायला शिकल्या त्या आधी हातांनी, मग तोंडाने. पुढे शाळेत नोकरी झाली, संसार झाला, नवरा गेला, आणि घरात हातांनी बोलायला कुणी उरले नाही. तेव्हा त्यांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत खुणांच्या भाषेचा वर्ग सुरू केला. बाई इथे कॅमेऱ्यासमोर उभ्या राहत, आणि आसपासच्या वस्त्यांतल्या वाचनालयाच्या शाखांत माणसे पडद्यासमोर बसून शिकत. ऐकू न येणाऱ्या लोकांच्या एका छोट्या संस्थेने बनवलेल्या संकेतस्थळावर हे चाले. प्रत्येक धडा तिथे साठवला जाई, म्हणजे ज्याला हवा त्याने पुन्हा बघावा.

सगळ्यांत जास्त वेळा बघत ते ड्रायव्हर आजोबा. जन्मभर बस चालवलेला माणूस. त्यांच्या नातीला ऐकू येत नव्हते, ती वसतिगृहात वाढली. आता वसतिगृह बंद होणार होते आणि पुढच्या रविवारी ती कायमची आजोबांकडे राहायला येणार होती. आजवर दोघांचे सगळे संभाषण मान हलवण्यावर आणि खाऊवर भागले होते. "ती बसमधून उतरली की मला तिच्याशी बोलायचंय," आजोबा म्हणाले होते. "एक तरी वाक्य. धड."

चार वाजता खोली भरली. ग्रंथपालबाईंनी जादा खुर्च्या आणल्या, वाचनालयाचे अध्यक्षही कौतुकाने येऊन बसले.

"चला, आजोबा, तुमच्यापासून," बाई म्हणाल्या.

आजोबा उठले, सदरा खाली ओढला आणि हातांनी म्हणाले, 'तुझी खोली तयार आहे.' म्हणजे म्हणायला लागले. 'खोली'पाशी त्यांचे हात हवेतच थबकले, बोटे थोडी थरथरली, मान किंचित वाकडी राहिली, आणि मग एकदम झटक्यात पुढचे सगळे झाले.

घाबरले असतील, बाईंना वाटले. त्यांनी बेकरीवाल्या वहिनींना उठवले. वहिनी दुसऱ्या शाखेत शिकलेल्या. त्यांचेही हात तिथेच थबकले. तीच थरथर, तीच वाकडी मान. मग शिंपीदादा. तेच.

"हे मधे थांबायचं कुणी शिकवलं तुम्हाला?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. "तुम्हीच की," वहिनी म्हणाल्या. "आम्हाला वाटलं तिथे श्वास घेतात."

"मला तर ते थांबणंच सगळ्यांत अवघड गेलं," आजोबा म्हणाले. "महिनाभर आरशासमोर घोटलंय."

बाई खोलीतल्या कॅमेऱ्याकडे वळल्या. शिकवताना समोरच्या पडद्यावर त्यांना स्वतःचे हात नेहमी वाहते दिसत. पलीकडे काय पोचते, हे त्यांनी कधी तपासलेच नव्हते. ग्रंथपालबाईंनी साठवलेला धडा लावला. 'खोली'पाशी चित्र गोठले. पडद्यावरच्या बाई मान वाकडी करून थरथरत राहिल्या, आणि मग उडी मारून पुढे गेल्या.

"म्हणजे ही पोर उतरणार, आणि मी तिच्यासमोर असा फेफरं आल्यासारखा?" आजोबांचा चेहरा पडला.

"इंटरनेटला काही झालेलं नाही," अध्यक्ष घाईने म्हणाले. त्यांनी एक सिनेमा लावून दाखवला. तो लोण्यासारखा चालला. "गेल्या महिन्यातच नवी योजना घेतली. तेवढ्याच पैशात दुप्पट वेग."

"कशाकशाला दुप्पट?" ग्रंथपालबाईंनी विचारले आणि कपाटातून करार काढला. त्यात लिहिले होते की कंपनीने निवडलेल्या संकेतस्थळांचे सगळे पूर्ण वेगाने येईल-जाईल, बाकीच्यांना उरलेला वेग. "बाईंचं संकेतस्थळ त्या 'बाकीच्यां'त."

"अहो, लोक जे बघतात तेच त्यांनी वेगवान केलंय. वाईट काय त्यात?" अध्यक्ष म्हणाले.

"उद्या पुस्तकांचंही असंच करू या मग," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "चार मोठ्या प्रकाशकांची पुस्तकं दाराशी. बाकीची माळ्यावर, आणि शिडी द्यायची नाही. इथे येणारा कुठलं पुस्तक उघडणार, हे मी कधी विचारत नाही. कंपनीने का ठरवावं?"

अध्यक्ष हसायला गेले, पण समोर आजोबा उभे होते. हात अजून 'खोली'च्या खुणेत, जणू कुठे ठेवावेत ते कळत नव्हते. अध्यक्षांनी चष्मा काढला. "हे माझ्या लक्षातच आलं नाही," ते म्हणाले, आणि तिथूनच त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. "नाही, नाही, दुप्पट नको. साधी लाइन द्या. वेग कमी असला तरी चालेल, पण सगळ्यांना सारखा. या आठवड्यात. रविवारच्या आत."

मंगळवारी कंपनीचा माणूस येऊन लाइन बदलून गेला. या खेपेला बाईंनी आधी ग्रंथपालबाईंना दुसऱ्या शाखेत बसवले आणि मगच हात उचलले. फोन वाजला. "वाहताय, बाई. झऱ्यासारख्या." बाईंनी सगळे धडे नव्याने भरले. हात भरून आले, पण थांबवेना.

आजोबांचे ते थांबणे मात्र जाता जाईना. 'खोली' आली की हात थबकत. "काय करू? पाय आपोआप ब्रेकवर जातो," ते म्हणत. मग बाईंनी त्यांना एक युक्ती दिली: समोर रिकामा रस्ता आहे असे धरून चाला.

रविवारी बाई थांब्यावर गेल्या त्या आजोबांनी गळ घातली म्हणून. बस वळणावर दिसली. पोर उतरली. पाठीवर मोठी पिशवी, नजर सावध. आजोबा पुढे झाले. 'तुझी,' हात म्हणाले, 'खोली'... बाईंनी श्वास रोखला... 'तयार आहे.' सलग.

पोरीने पिशवी जमिनीवर टाकली आणि तिचे हात असे काही सुटले की बाईंनाही नीट डोळे लावून बघावे लागले. आजोबा गोंधळून वळले. "काय म्हणते?"

"मला काय विचारता? तिला विचारा."

आजोबांनी खूण केली, 'सावकाश.' पोर हसली आणि तिने एकेक शब्द त्यांच्यापुढे मांडला. 'खोलीला खिडकी आहे का?'

'दोन,' आजोबा म्हणाले. हातांनीच.

त्या संध्याकाळी बाईंनी डायरीत लिहिले: रविवार, २२ मार्च. गॅस संपला. दुसरी टाकी लावली. आजोबा सलग बोलले.