कोट एकटेच आले

माझ्या ताईला अडाणी म्हणणाऱ्यांच्या मुस्कटात द्यावीशी वाटते मला, आणि त्यात पहिला नंबर माझ्या दाजींचा.

ताई जिन्याखालच्या खोलीत इस्त्री करते. बावीस वर्षं झाली. एक टेबल, त्यावर जाड घोंगडी, भिंतीला लागून गठ्ठे. कपड्यांवरून तिला घरं कळतात. पैशाची ओढाताण सुरू झाली की आधी पडदे यायचे बंद होतात, मग चादरी, मग पोरांचे कपडे. पुरुषांचे शर्ट मात्र शेवटपर्यंत येतात. चारचौघांत शर्ट दिसतो, चादर कोण बघतंय! तिसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. ते यावर हसायचे. म्हणायचे, हे सगळं आकड्यांवरून ठरतं. अहो, पण आकडे काय आभाळातून पडतात? माणसं वागतात, तेव्हाच आकडे होतात ना!

दाजी पॅकिंगच्या कारखान्यात स्टोअरला होते. त्या उन्हाळ्यात त्यांना बस डेपोतली नोकरी चालून आली. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. नेमके त्याच आठवड्यात कारखान्यातल्या सहा साहेबांचे कोट ताईकडे आले. अंगाची लाहीलाही होत होती, आणि कोट!

"लग्नबिग्न असेल कुणाचं," दाजी म्हणाले.

"लग्न असतं तर बायकांचेही कपडे आले असते," ताई म्हणाली. "हे कोट एकटेच आलेत. साहेब लोक मुलाखतींना चाललेत. अहो, ऐका माझं, डेपोला हो म्हणा."

"तू इस्त्री कर. कारभार शिकवू नकोस."

दाजी गेले कुणाकडे? स्टोअरच्या साहेबाकडेच! ज्याचा राखाडी कोट ताईच्या टेबलावर पडला होता, त्याच्याकडे. त्या मेल्यानं दाजींच्या खांद्यावर हात ठेवला. "कारखाना पक्का आहे. कुठं जातोस? मी बसलोय ना इथं." वर प्राध्यापकांनी पेपर दाखवला, कारखान्याची विक्री वाढली म्हणून. झालं! शनिवार गेला. ताईनं पुन्हा तोंड उघडलं नाही. तिच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

दोन महिन्यांत कारखान्याला कुलूप लागलं.

मग दाजींचा एकच पांढरा शर्ट दर दोन दिवसांनी टेबलावर यायला लागला. ताई मुकाट्यानं कॉलर बसवायची, बाह्यांची घडी काढायची. चार महिने हेच चाललं. शेवटी डेपोत एक जागा निघाल्याचं कळलं. दाजी सकाळीच गेले आणि दुपारच्या आत परतले. बूट न काढताच बाकावर बसले. मी तिथंच होते.

"कुणी घेतली मुलाखत?" ताईनं विचारलं.

"आमच्या स्टोअरच्या साहेबानं. तो आता तिकडं मॅनेजर आहे."

ताईनं इस्त्री बाजूला ठेवली. "राखाडी कोट? डाव्या खिशाशी रफू?"

दाजींनी मान हलवली.

"काय म्हणाला?"

"जागा भरली म्हणाला. म्हणाला, तेव्हाच यायचं होतंस रे, तेव्हा चार जागा होत्या."

माझ्या अंगाचा भडका उडाला. त्या माणसाला मी काय काय शिव्या घातल्या, त्या इथं लिहिता यायच्या नाहीत. दाजींनाही सोडलं नाही. ताईनं मात्र पुन्हा इस्त्री उचलली. मला तिचाही राग आला.

सोमवारी साहेबाच्या ड्रायव्हरनं गठ्ठा आणून टाकला. ताईनं सोडून बघितला. वर राखाडी कोट होता. त्याखाली बायकोचे कपडे, चादरी, आणि तळाशी बैठकीच्या खोलीचे पडदे, चांगले आठ.

ती किती तरी वेळ त्या पडद्यांकडे बघत राहिली. मग तिनं गठ्ठ्याला होती तशी गाठ मारली.

घरात पैशाची गरज होती. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. दाजी बाकावरून उठले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिला विचारलं, "काय करू?"

"परत देऊन या," ताई म्हणाली.

दाजींनी गठ्ठा खांद्यावर घेतला आणि निघाले.