डेअरीच्या ओट्यापर्यंत

एमआरआयची फिल्म खिडकीकडे धरून डॉक्टर माझ्या नवऱ्याशी बोलले. मी शेजारीच स्ट्रेचरवर पडून ऐकत होते. आजाराचं नाव ट्रान्सव्हर्स मायलायटिस. म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज येते आणि तिथून खाली मेंदूचा निरोप पोचत नाही. पाय परत चालतील का, असं नवऱ्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, “काहींचे चालतात, काहींचे नाही. वाट बघावी लागेल.” हे वाक्य पुढे इतक्यांदा ऐकलं की त्याचा वीट आला.

सुरुवात साधीच होती. पाठ दुखायची, तळपायाला मुंग्या यायच्या. गेवराईजवळच्या आमच्या गावात मी दूध सोसायटीच्या डेअरीवर दुधाचं फॅट मोजायचं मशीन सांभाळत होते; फॅटवरच दुधाचा भाव ठरतो. स्टुलावर बसून अंग अवघडलं असेल म्हणून बाम चोळला. एका सकाळी उठायला गेले आणि जागीच कोसळले. लघवीही अडली. तुमच्या घरात कुणाला असं झालं तर बाम चोळत बसू नका, लगेच मोठा दवाखाना गाठा.

बीडला दाखवलं, तिथून औरंगाबादला पाठवलं. स्टेरॉइडची सलाइन लागली. लघवीला कॅथेटर, म्हणजे नळी. बेडसोर होऊ नयेत, म्हणजे पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत, म्हणून नवरा मला सारखा कुशीवर वळवायचा. हातात ताकद आली, कमरेत थोडी आली. पाय मात्र तसेच राहिले. फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला चाकाच्या खुर्चीत बसायला, उतरायला शिकवलं. जाताना म्हणाल्या, “रॅम्प मागायला लाजू नका. कायद्याने तो तुमचा हक्क आहे.” तेव्हा मी इतकी दमलेली होते की नुसती मान हलवली.

घरी आले तर दुष्काळ पडलेला. विहिरीने तळ गाठलेला, टँकरवर गाव. सोसायटीने डेअरीच्या मागच्या माळावर चारा छावणी सुरू केली होती आणि निम्मं गाव जनावरांबरोबर तिथंच राहत होतं. माझ्या स्टुलावर दुसरा माणूस बसत होता. डेअरीचा ओटा उंच, पायऱ्या अरुंद. मला माझं काम परत हवं होतं. चेअरमन नात्याने माझे दीर. ते म्हणाले, “वहिनी, आता कशाला दगदग? तुमी आराम करा.” सगळेच असं गोड बोलायचे. ते ऐकून अंगातलं उरलंसुरलं बळही जायचं.

मग चेअरमननी माझा सत्कार ठरवला. आमच्याकडे माणसाला नाही म्हणायचं असलं की त्याला शाल-नारळ देतात. मांडव घातला, टीव्हीचा वार्ताहर बोलावला. सोसायटीतर्फे मला चाकाची खुर्ची भेट होती. मी तर आधीच घेतलेल्या माझ्या खुर्चीत बसूनच तिथं गेले होते. वार्ताहराची पंचाईत झाली. तो म्हणाला, “ताई, जरा खाली मातीत बसता का? मग खुर्ची देताना चांगलं दिसंल.”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. वाद घालायचंही त्राण नव्हतं. बसले. बातमीत तेवढंच आलं. मातीतली मी, जोडलेले हात आणि मागे रडकं संगीत. मला काम पाहिजे, असं मी माइकसमोर स्पष्ट सांगितलं होतं. ते कापलं. ती बातमी बघून माझी आई माहेरी दोन घासही जेवली नाही. मला लाज वाटली आणि राग आला. आजारानंतर पहिल्यांदा धड राग आला.

सोसायटीची सभा दरवर्षी डेअरीच्या माडीवर होते, तिथं मला चढता आलं नसतं. त्या वर्षी सगळे सभासद छावणीत अडकलेले, म्हणून सभाही छावणीतच घेतली, सपाट जमिनीवर. मी सभासद आहे. खुर्ची ढकलत पुढे गेले. छावणीच्या तोंडाशी टेम्पो लावून जनावरं उतरवायला मुरमाचा उतार केलेला होता. जनावरं टेम्पोच्या मागच्या फाळक्यावरून उड्या मारताना पाय मोडून घेतात, म्हणून गावानं तो एका दुपारीत रचला होता.

“बैलासाठी तुमी उतार केला, कुणाला सांगावं लागलं न्हाई,” मी म्हणाले. “तसाच डेअरीच्या ओट्याला करा. मला शाल नको, माझं मशीन द्या.”

चेअरमन म्हणाले की बजेटमध्ये तशी तरतूद नाही. तेव्हा मागून एक मेंढपाळ म्हणाला, “मुरूम माळावर पडलाय, चेअरमन. त्याला कसली तरतूद?” लोक हसले आणि हात वर झाले. संध्याकाळपर्यंत ओट्याला उतार लागला. पुढे चेअरमननी भाषणात तो सोसायटीचा उपक्रम म्हणून सांगितला. सांगू देत.

मी पुन्हा मशीनपुढे बसले. पाय गेले ते गेलेच, आता त्यांची वाट बघत नाही. दुपारपर्यंत पाठ भरून येते. दूधही फार येत नाही, जनावरं नुसत्या उसाच्या वाढ्यावर जगतात. पण पहिल्याच सकाळी शेजारची गयाबाई किटली घेऊन आली. मी तिला फॅट सांगितलं. तिने किटली माझ्यापुढे आपटली.

“एवढंच? माझ्या म्हशीचं? डोळे फुटले का तुझे? परत लाव मशीन!”

आजारी पडल्यापासून माझ्याशी कुणी भांडलं नव्हतं. मी मशीन परत लावलं. फॅट तेवढंच निघालं, आणि मीही आवाज चढवून तिला तसं सांगितलं.