प्लगमामा

यंत्र कुठलंही असो, त्याला हात लावण्याआधी मामा घरातल्या माणसाला कामाला लावत. भिंतीतला प्लग स्वतः उपसायचा, वायर ओढून तो घरमालकाच्या मुठीत द्यायचा आणि म्हणायचं, "धरा. मी मागेपर्यंत सोडायचं न्हाई." मग समोर डॉक्टर असो, वकील असो की क्लासचे मोठे सर, प्लग धरून उभं राहावंच लागे. आमच्या लातुरातल्या गल्लीत त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांचे ते प्लगमामा.

मी एकदा कुरकुरले होते. "मामा, बटण बंद केलं की झालं ना? आम्ही काय खुंट्या आहोत का?" एरवी हसरा माणूस, पण तेव्हा हसले नाहीत. मामा भूकंपात पडलेल्या गावातले. घर गेलं, पण ते आणि धाकटा भाऊ ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना भाऊ पाण्याची मोटर उघडून बसला होता आणि कुणीतरी न बघता बटण दाबलं. भाऊ जागच्या जागी गेला. "घर पडलं ते देवाचं, बाई," मामा म्हणाले. "बटन दाबलं ते मान्साचं." मी शाळेत शिकवायची, त्यामुळे सगळ्या गल्लीची मी बाईच. त्या दिवसानंतर या बाईनं प्लग धरताना तोंड उघडलं नाही.

दोष शोधायची त्यांची रीत साधी होती. यंत्राआधी माणसाला प्रश्न. "मुकं हाय का गुंगतंय?" मुकं असेल तर दोष वायरीत किंवा बटणात, गुंगत असेल, म्हणजे नुसता घूं घूं आवाज करत असेल, तर दोष पोटात, असा त्यांचा हिशेब. आपण मधेच शहाणपणा करून "कॉइल जळली असेल" म्हटलं की ते शांतपणे म्हणत, "तुमीच करनार आसाल तर मी चहा पितो." आणि खरोखर चहा मागत.

तो दिवस उन्हाळ्यातला होता. क्लाससाठी आलेल्या आठ मुली आमच्या वरच्या खोल्यांत राहायच्या. त्यांतल्या दोघींना कावीळ झाली, आणि डॉक्टरांनी पाण्याचा हौद घासून धुवायला सांगितलं. परीक्षा तोंडावर होती, पोरींच्या आया फोनवर रडत होत्या. नळ दहा दिवसांनी त्याच दुपारी येणार होते. त्याआधी हौद धुतला नाही तर नवं पाणी त्याच घाणीत पडणार. मुलानं पुण्याहून गाडी धुवायला आणलेलं, जोराच्या फवाऱ्याचं मशीन वर्षभर माळ्यावर पडून होतं. मी ते मोठ्या उत्साहानं काढलं, टाकीच्या उरलेल्या पाण्याला जोडलं आणि बटण दाबलं. मशीन सुरूच होईना. मामांना बोलावलं.

आल्या आल्या प्लग माझ्या मुठीत. "मुकं का गुंगतंय?"

"गुंगतंय. फिरत नाही."

त्यांनी आधी बोर्डात दिवा लावून पाहिला. लाइट पूर्ण होती. मी जोडलेली बारीक लांब वायर बाजूला फेकली, "हिच्यात ताकद मरती" म्हणाले. मग फवाऱ्याचा घोडा दाबून आत कोंडलेला दाब सोडला. प्लग माझ्याकडून घेऊन क्षणभर लावला. नुसतं गुंगणं. प्लग उपसून परत माझ्या हातात दिला. "बोरचं पाणी वापरून तसंच ठिवलं का?" मी मान हलवली. "मग क्षार बसलाय. पंप जाम हाय." मागची जाळी काढून ते आतला पंखा बोटांनी मागेपुढे हलवू लागले. पंखा हलेना. ऊन चढत होतं. मी घड्याळाकडे बघत होते. "मामा, नळ यायची वेळ होत आली."

"घाई नगा करू. सुटाय लागलंय."

आणि तेवढ्यात रस्त्यावरून आरोळी आली, "नळ आले!"

दहा दिवसांनी नळ आल्यावर लातूरचा माणूस कसा धावतो, हे लातूरच्या माणसालाच कळेल. हौद धुतलेला नव्हता, पाणी हौदात जाऊ द्यायचं नव्हतं. निदान पिंपं तरी भरावीत म्हणून मी हातातला प्लग खिडकीत ठेवला आणि पाइप काढायला पळाले. आमचे हे जिन्यावरून खाली आले. नळाला लावायची मोटर आम्ही त्याच बोर्डावर लावायचो. खिडकीत काळा प्लग दिसला, ह्यांनी तो मोटरचाच समजून खुपसला आणि बटण दाबलं.

मशीन सुरू झालं. पंप सुटला होता.

मामा ओरडले नाहीत. नुसतं "आं" म्हणाले. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "मीच पलग लावला आन् इसरलो. वय झालं." मला आधी हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण आधी हायसंच वाटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं, आणि आम्ही दोघंही गप्प राहिलो. पैसे द्यायला गेले तर त्यांनी घेतले नाहीत. महिन्याभरात मामा-मामी नांदेडला लेकीकडे राहायला गेल्याचं कळलं.

जाऊन भेटायचं मी रोज ठरवायची. आज शाळा, उद्या पाहुणे, परवा गुडघा. माणसाला टाळायचं असलं की कारणांना तोटा नसतो. तीन वर्षं गेली. शेवटी एका सकाळी नांदेडची एसटी पकडली.

मामा पलंगावर बसले होते, वाळलेले. मला बघून चेहरा फुलला. मामींनी चहा टाकला. मी सहज विचारावं तसं विचारलं, "मामा, इथं काही काम करता का?"

उत्तर मामींनी दिलं. "कशाचं काम, बाई? ध्यान ऱ्हात न्हाई ह्यांचं. सोता पलग लावून सोताच इसरले. मीच हत्यारांची पिशवी कुलपात घातली. म्हनलं, उरलेली बोटं तरी ऱ्हाऊ द्या. लई भांडले, मग गप झाले. तवापासून गपच हायत."

मामा घाईनं म्हणाले, "चहा घ्या बाई, निवतोय."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. "मामी, प्लग मामांनी लावला नव्हता. तो माझ्या हातात दिला होता. मी सोडला, आणि आमच्या ह्यांनी लावला. मामा काहीच विसरले नव्हते."

मामी नवऱ्याकडे बघत राहिल्या. "खरं हाय?"

"बाईच्या घरी पोरीबाळी ऱ्हात्यात," मामा पुटपुटले. "नाव खराब झालं असतं."

मामी उठल्या. आतल्या कपाटाचं कुलूप काढल्याचा आवाज आला. त्यांनी मळकी पिशवी आणून मामांच्या मांडीवर ठेवली. मामांनी चेन ओढायचा प्रयत्न केला, ती उघडेना. मामींनीच ओढली. मामांनी टेस्टर काढून उरलेल्या बोटांत धरला. टेस्टर गळून फरशीवर पडला. त्यांनी तो उचलला, पुन्हा धरला, पुन्हा पडला.

मामी माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, रागही नव्हता.

"तीन वर्सं आधी का न्हाई आलात, बाई?"

मामा वाकून फरशीवरचा टेस्टर शोधत होते.