परीक्षित घाटे यांचे अर्धे व्याख्यान

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावात कोणा मराठी माणसाच्या घरी जेवणे असली आणि बोलणे दुसऱ्या महायुद्धाकडे वळले, की परीक्षित घाटे हातातली प्लेट खाली ठेवत. पुढे काय होणार हे सगळ्यांना पाठ होते.

"यार, सिंपल आहे," समोरचा कोणीतरी म्हणे. "हिटलर हा माणूसच वेडा होता. नेव्ही अर्धी, रणगाडे अर्धे, आणि चालला जग जिंकायला."

"वेडा म्हटलं की प्रश्न संपतो," घाटे म्हणत. "तुम्हाला प्रश्न संपवायची घाई असते."

"आणि तुम्हाला जेवण थंड करायची." त्यांची पत्नी रेणू प्लेट उचलून पुन्हा त्यांच्या हातात देई. सगळे हसत. विषय तिथून घरांच्या किमतींकडे किंवा व्हिसाच्या रांगेकडे जाई आणि घाटे थंड पुरी संपवत.

घाटे मूळचे नागपूरचे. औषधांच्या घाऊक गोदामांसाठी संगणकप्रणाली तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत चाचणी विभागाचे प्रमुख. त्यांचे बालपण आयुध निर्माणीच्या वसाहतीत गेले. वडील तिथे तोफगोळ्यांच्या तपासणीवर होते. एकाहत्तरच्या डिसेंबरात शेजारीपाजारी रेडिओभोवती जमून विमानांच्या आणि सेनापतींच्या बातम्या ऐकत, तेव्हा दुहेरी पाळी करून आलेले वडील बूट काढता काढता म्हणत, "हे सारं ठीक आहे. मागचा माल केव्हा पोचते ते विचारा त्याले." इतिहासाकडे गोदामाच्या दारातून पाहायची सवय मुलाला लागली ती तिथे. पुढे त्याने इतिहासात एम. ए. करण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा वडिलांनी तीही तपासून बाजूला ठेवली. "इतिहास कुठं पळून जाते का बाप्पा? पहिले इंजिनिअर हो."

इतिहास खरोखरच पळून गेला नाही. पिस्कॅटवेला विद्यापीठाचे ग्रंथालय घरापासून जवळ होते आणि गावातल्या रहिवाशांना तिथे बसून वाचता येत असे. घाटे शनिवारी सकाळी तिथे जात. त्यांनी एकच प्रश्न धरला होता: जर्मनीची लष्करी सज्जता पूर्ण व्हायला अजून तीन-चार वर्षे होती, हे तिच्याच सेनाधिकाऱ्यांना ठाऊक होते, तर एकोणीसशे एकोणचाळीसच्या सप्टेंबरात तिने युद्ध का सुरू केले? या प्रश्नासाठी त्यांनी तक्ते वाचता येतील इतपत जर्मन शिकून घेतले. इंजिनिअर मंडळींना त्यांचा हा नाद निरुपद्रवी वाटे. कोणी तबला शिकतो, कोणी टोमॅटो लावतो, घाटे जर्मनीचे पोलाद मोजतात.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासवर्गाच्या चिटणीस शुभाताई यांचा फोन आला. मार्चच्या बैठकीचा वक्ता आयत्या वेळी नाही म्हणाला होता. पाऊण तास मिळेल.

"पूर्ण पाऊण तास?" घाट्यांनी विचारले.

"अहो, दिला म्हणजे दिला. फक्त फार आकडे नकोत. आणि हिटलरचा एखादा फोटो असू द्या, मुलं येतात."

मंडळाच्या व्याख्यानांची एक रीत होती. ती कोठे लिहिलेली नव्हती, पण घटनेतल्या कलमांपेक्षा काटेकोरपणे पाळली जाई. व्याख्यान कधी सुरू करायचे हे श्रोते ठरवत आणि ते कधी संपवायचे हे शेजारच्या एडिसन गावाहून जेवण घेऊन येणारी गाडी ठरवी. जेवण आले की वक्त्याचे वाक्य पूर्ण होऊ देण्याइतकी सभ्यता सर्वांजवळ होती, त्याहून अधिक नव्हती. दहा वर्षे मंडळात वावरलेल्या घाट्यांना हे माहीत नव्हते असे नाही. पण दिलेला पाऊण तास हा पाऊण तासच, असे त्यांनी धरले.

त्यांनी व्याख्यानाचे दोन भाग केले. पहिल्या भागात जर्मन नेतृत्वाच्या नजरेतून युक्तिवाद मांडायचा, तोही त्याच्या पूर्ण जोरानिशी. परकीय चलनाची गंगाजळी रिकामी झाली होती. पोलाद, तेल आणि रबर यांची टंचाई शस्त्रनिर्मितीचाच गळा आवळत होती. इंग्लंड आणि फ्रान्स उशिरा पण झपाट्याने शस्त्रे वाढवत होते, आणि त्यांच्यामागे अमेरिकेचे कारखाने उभे राहू शकत होते. ऑगस्टच्या करारामुळे रशिया तेवढ्यापुरता बाजूला झाला होता आणि पोलंडसाठी पाश्चात्य सत्ता लढणार नाहीत, अशी अटकळ होती. जर्मनी सज्ज नव्हती हे खरे, पण शत्रू त्याहून कमी सज्ज होते आणि दर महिन्याला हे अंतर घटत होते. सज्जता ही नेहमी कोणाच्या तरी तुलनेत असते. दुसऱ्या भागात हाच युक्तिवाद मोडून दाखवायचा: शत्रूंनी शस्त्रे हाती घेतली ती जर्मनीने एकामागून एक देश गिळले म्हणून. ज्या घड्याळाची तिला धास्ती होती, त्याला किल्ली तिनेच दिली होती. आणि अपुऱ्या साठ्यावर मिळणारे झटपट विजय युद्ध संपवत नाहीत, ते फक्त मोठे करतात.

रेणूने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सगळे ऐकले आणि म्हणाली, "उलटं कर. आधी शेवट सांग."

"मग पहिल्या युक्तिवादाचा जोर कोणाला कळणार नाही. लोकांना तो आधी पटला पाहिजे. पटला, की मग तो मोडायचा."

"पटला आणि मोडायचं राहिलं तर?"

"राहील कसं?"

त्याच दिवसांत कचेरीत एक तारीख अधांतरी होती. कंपनीची नवी प्रणाली ऑक्टोबरात ग्राहकांच्या गोदामांत सुरू व्हायची होती. विभागाचा संचालक राजेश, मूळचा मुंबईचा, घाट्यांहून दोन-तीन वर्षांनी लहान, ती मे महिन्यात आणावी की काय, या विचारात होता. शिकागोची एक प्रतिस्पर्धी कंपनी तसलीच प्रणाली करत होती. घाट्यांना ऑक्टोबर हवा होता आणि त्यामागे एक नेमके कारण होते. दुकानांतून गोदामाकडे परत येणाऱ्या मालाचा भाग, ज्याला कचेरीत सगळे रिटर्न्स म्हणत, अजून नीट तपासलाच गेला नव्हता. मुदत संपलेली औषधे याच वाटेने परत येतात. तपासणी न झालेला माल दाराबाहेर पडू द्यायचा नाही, हे घाटे वडिलांच्या घरात शिकले होते. आपल्या नोकरीचा अर्थ त्यांच्या लेखी तेवढाच होता. राजेशने अजून निर्णय दिला नव्हता.

मार्चमधल्या त्या शनिवारी राजेश व्याख्यानाला आला. तो अभ्यासवर्गाला पहिल्यांदाच येत होता आणि पहिल्या रांगेत बसला. ध्वनिक्षेपक लागेपर्यंत आणि मागच्या महिन्याचा वृत्तान्त वाचून होईपर्यंत बराच वेळ गेला, पण मग घाटे चांगले बोलले. इतके चांगले ते पूर्वी कधी बोलले नव्हते. "वेडा" हा शब्द त्यांनी पहिल्याच वाक्यात निकालात काढला आणि पोलादाच्या वाटपापासून ऑगस्टच्या करारापर्यंत एकेक कडी अशी जोडली, की नेहमी मागच्या रांगेत शेअर बाजारावर कुजबुजणारे लोकही गप्प झाले. "थांबणे म्हणजे हरणे, असे त्या टेबलाभोवती बसलेल्या माणसांना वाटत होते," ते म्हणाले, "आणि त्यांच्या हातातले आकडे खोटे नव्हते. आता आपण पाहू, की—"

दाराशी फॉइलचे ट्रे दिसले. शुभाताई उठल्या. "घाटे, फारच इंटरेस्टिंग. पण जेवण आलं आहे, आणि हॉल आपल्याला चारलाच रिकामा करायचा आहे. उरलेलं पुन्हा केव्हातरी नक्की ठेवू."

"पाच मिनिटं, शुभाताई. मुख्य मुद्दा राहिला आहे."

"मुद्दा आला की हो सगळा. छान पटलं." टाळ्या पडल्या आणि टाळ्यांबरोबर खुर्च्या सरकल्या.

सोमवारी सकाळी राजेश कॉफीचा मग घेऊन घाट्यांच्या टेबलापाशी आला.

"परीक्षित, सीरियसली, काय लेक्चर दिलंस. वीकेंडभर तेच डोक्यात होतं. तयारी पूर्ण कधीच नसते. विचारायचं ते इतकंच, की थांबून आपली बाजू सुधारते की बिघडते. बरोबर?"

"ते त्यांचं म्हणणं होतं. माझं नाही."

"असू दे. शिकागोवाल्यांकडे आपल्या तिप्पट माणसं आहेत. ऑक्टोबरला ते आपल्या बरोबरीला येतात. आज आपण पुढे आहोत. मे फायनल करतोय मी."

"राजेश, त्या देशाचं पुढे काय झालं ते माहीत आहे ना तुला?"

"अरे, आपण काय पोलंडवर चाललोय का? मी फक्त लॉजिक घेतोय."

"लॉजिकचा दुसरा भाग सांगायचाच राहिला. शिकागोवाले घाईला का लागले? डिसेंबरात तू त्या कॉन्फरन्समध्ये डेमो दाखवलास म्हणून. हे घड्याळ आपणच चालू केलं आहे."

राजेश हसला. "बघ. म्हणजे ते घाईला लागलेत हे तुलाही मान्य आहे."

याचे उत्तर घाट्यांना दुपारी सुचले. मग त्यांनी जे केले ते अभ्यासकाला शोभणारे होते आणि त्यानेच त्यांचा घात केला. पुढच्या बैठकीत त्यांनी राहिलेल्या कामाचा तक्ता मांडला. तो प्रामाणिक होता, म्हणून ऑक्टोबरच्या रकान्यातही काही त्रुटी उरलेल्या दिसत होत्या. राजेशने बोट नेमके तिथे ठेवले. "म्हणजे ऑक्टोबरलाही आपण शंभर टक्के रेडी नसूच. मग थांबायचं कशासाठी?" जर्मन लष्कराच्या अर्थविभागातल्या अधिकाऱ्याने एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात आपण दीर्घ युद्धाला तयार नाही असे आकडे मांडून बजावले होते. त्या आकड्यांतून वरिष्ठांना घ्यायचे तेच त्यांनी घेतले. हे घाट्यांनी वाचले होते, टिपून ठेवले होते, आणि व्याख्यानाच्या दुसऱ्या भागासाठी राखून ठेवले होते. वाचलेले असूनही त्यांच्या हातून तेच झाले. शेवटी सगळ्या विभागप्रमुखांनी मेच्या तारखेला संमती दिली. घाट्यांनीही दिली. न देणे म्हणजे चौघांच्या आपल्या चमूला एकटे सोडून बाहेर पडणे, असा हिशेब त्यांनी स्वतःला सांगितला. तो हिशेब त्यांना पटला होता की नाही, हे त्यांनी रेणूलाही कधी सांगितले नाही.

मेमध्ये प्रणाली सुरू झाली आणि उत्तम चालली. कचेरीत केक कापला गेला. ग्राहकांची अभिनंदने आली. राजेशने सर्वांसमोर घाट्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "आमचे इतिहासाचार्य उगाच घाबरत होते." घाटे केकचा तुकडा रुमालात गुंडाळून घरी घेऊन आले. त्यांची मुलगी रुचा हिने विचारले, "बाबा, इफ इट वर्क्ड, व्हाय आर यू मॅड?"

"पोलंडही पाच आठवड्यांत संपला होता," ते म्हणाले. रुचाने आईकडे पाहिले. आईने केक फ्रीजमध्ये ठेवला.

जूनअखेरीस तिमाही संपली आणि दुकानांनी मुदत संपलेला माल परत पाठवायला सुरुवात केली. प्रणालीने तो विक्रीयोग्य साठ्यात जमा करून घेतला. ओहायोतल्या एका ग्राहकाच्या गोदामात काम करणाऱ्या बायकांच्या हे लक्षात आले, म्हणून एकही खोका बाहेर गेला नाही. पण मग त्यांना एकेक खोका हाताने उघडून तारीख पाहावी लागली आणि घाट्यांना त्यांच्या शेजारी उभे राहावे लागले. जुलैत ठरलेली नागपूरची फेरी रद्द झाली. वडील ऐंशीचे झाले होते. त्यांना फोनवर सारी हकिकत सांगावी लागली.

"तपासणी न करता माल बाहेर काढला?" वडिलांनी विचारले.

"हो, बाबा."

"पास कोणी केला?"

"सगळ्यांनी. मीही."

मग वडिलांनी तिकडे ऊन कसे आहे ते विचारले.

शिकागोची प्रणाली ऑक्टोबरातही आली नाही. ती पुढल्या वर्षी आली, पण त्याला आता महत्त्व उरले नव्हते. ओहायोच्या ग्राहकाने करार पुढे चालवला नाही. राजेश तर ऑगस्टातच प्रिन्स्टनजवळच्या दुसऱ्या कंपनीत अधिक वरच्या पदावर गेला होता. रिटर्न्सची दुरुस्ती घाट्यांकडे राहिली.

मंडळाने मात्र शब्द पाळला. दोन हजार सहाच्याच सप्टेंबरात शुभाताईंनी उरलेल्या भागासाठी वीस मिनिटे दिली आणि जेवणाची गाडी मुद्दाम उशिरा बोलावली. या वेळी घाटे हातात कागद न घेता बोलले. पोलाद आणि तेल यांबद्दल फार बोलले नाहीत. घाबरलेला माणूस आधी कारण निर्माण करतो आणि मग त्याच कारणाचा पुरावा देतो, हे त्यांनी तीन उदाहरणांनी दाखवले. तिन्ही जर्मनीची होती. आवाज अधूनमधून असा चढे, की पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी रेणूला हळूच विचारले, "यांना बरं आहे ना?" प्रश्नोत्तरांत ज्याचा हात पहिला वर झाला तो म्हणाला, "पण घाटे, मुळात माणूस वेडाच होता ना?"

घाट्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि "पुढचा प्रश्न" म्हणाले.

जेवणाच्या रांगेत राजेश भेटला. प्रिन्स्टनहून मुद्दाम आला होता. त्याच्या बोलण्यात संकोच नव्हता, होते ते निखळ कौतुक.

"परीक्षित, आजचा पार्ट तर पहिल्यापेक्षा स्ट्राँग होता. घड्याळाचा पॉइंट जबरदस्त. यार, हे तू तेव्हाच सांगायला हवं होतंस."

"सांगणार होतो."

"मग?"

"जेवण आलं होतं," घाटे म्हणाले आणि समोरच्या चळतीतून एक प्लेट उचलून त्याच्या हातात दिली.