व्हॅक्यूमची डबी बदलली तेव्हा

पेट्रोलचोर पकडायला म्हणून मी धुळ्याला निघालो होतो, आणि तो चोर म्हणजे आमच्या सोसायटीचा ड्रायव्हर, अशी माझी खात्री होती.

यावलकडच्या आमच्या गावात केळी लावणाऱ्यांनी मिळून सोसायटी काढली होती. व्यापाऱ्याच्या गाडीची वाट बघत बसायचं नाही, म्हणून महायुद्धानंतर लिलावात निघालेला एक लष्करी ट्रकही घेतला होता. त्यावर मी पत्रकच छापलं होतं : ‘आमची केळी, आमची गाडी!’ तेव्हा मी विशीत होतो. प्रत्येक अन्यायाला माझ्याकडे मथळा तयार असायचा.

पण पुढे ट्रकला पेट्रोल पुरेना. ड्रायव्हर साक्रीकडचे, माझ्या वडलांच्या वयाचे. सगळे त्यांना आबा म्हणत. बोलणं अहिराणी. “भाऊ, इंजिन पी ऱ्हायनं, मी नही. मिस्त्रीले दखाडा,” असं ते दोनदा म्हणाले. गाडी मिस्त्रीला दाखवा, हे निमित्त वाटून आम्ही सोडून दिलं. सभेत मीच उठलो. गरिबानं केली तरी चोरी ती चोरीच, रविवारपर्यंत उलगडा झाला नाही तर आबांना काढा, असं ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, “मग तूच बस गाडीत. डोळ्यांनी बघ.”

बसलो. टाकीला माझं कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. जळगाव, एरंडोल, पारोळा, जिथे गाडी थांबेल तिथे बांबूची काठी टाकीत बुडवून बघायचो. कुलपाला कुणी हात लावला नव्हता. तरी काठी दर वेळी फारच कोरडी निघे. पारोळ्याला आबांनी काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“किल्ली तुनाजोडेच शे ना?”

मी खिसा चाचपला. किल्ली तिथेच होती. धुळ्याला केळी उतरवल्यावर मीच म्हणालो, “आबा, मिस्त्रीकडे घ्या.”

तिथल्या देवपूर भागातले मिस्त्री आबांच्या ओळखीचे. मला न्याहाळून त्यांनी विचारलं, “हे पुढारी कोण?”

“चोर धराले आयेल शे,” आबा म्हणाले.

मिस्त्रींनी बॉनेट उघडून जरा वेळ इंजिन ऐकलं, मग ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला चिकटलेल्या पत्र्याच्या चपट्या डबीवर पाना वाजवला. “धरा की मग. हा बघा तुमचा चोर.”

ती व्हॅक्यूमची डबी. सपाट रस्त्यावर गाडी सहज पळत असताना इंजिन या डबीतली हवा ओढतं, आतला पडदा मागे सरतो आणि ठिणगी थोडी आधी पडते. पडदा फाटला की ठिणगीला उशीर होतो आणि पेट्रोल वाया जातं. मिस्त्रींनी तिची नळी माझ्या तोंडात दिली. “ओढा आणि भोकावर जीभ दाबा. जीभ चिकटून राहिली तर डबी शाबूत.”

मी ओढलं. तोंडात नुसती तेलकट हवा आली. जीभ चिकटेना.

“सभेत ओरडता तेवढा जोर लावा!”

पुन्हा ओढलं. तेच. पडदा फाटला होता.

मागे त्याच जातीचा एक मोडका ट्रक पडला होता, त्याची डबी निघाली. तिच्या नळीला जीभ घट्ट चिकटली. मिस्त्री म्हणाले, “तुमच्याच हातानं बसवा, म्हणजे उद्या आमच्यावर पत्रक नको.” मी दोन स्क्रू काढले, डबीची बारीक दांडी आतल्या खुंटीवरून सोडवली आणि तिची चिमुकली क्लिप माझ्या हातून उडाली. तिघंही मातीत हात फिरवत बसलो. शेवटी ती आबांच्या अनवाणी पायालाच टोचली. नवी दांडी खुंटीवर अडकवून क्लिप लावली, स्क्रू आवळले आणि नळीतून हवा ओढली. ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी आतली चकती केसभर फिरली आणि तिथेच थांबली. त्या क्षणी छाती जी फुगली, ती कुठल्याही भाषणानं कधी फुगली नव्हती.

परतताना केळीइतक्याच वजनाची सरकीची पेंड भरली. पारोळ्याला काठी घातली. याच टप्प्यात जाताना पेट्रोल जेवढं उतरलं होतं, त्यापेक्षा येताना बोटभर कमी उतरलं होतं. मी किल्ली आबांपुढे धरली.

“आठे दिधी ते बरं,” ती तिथल्या तिथे घेत ते म्हणाले. “आते गावमा बी सांग.”

रविवारच्या सभेत अध्यक्षांनी दोन वाक्यांत उरकलं. “यंत्राचा दोष होता. आबा राहतील. पुढचा विषय.” मी उठलो. म्हणालो, “पुढचा विषय नंतर. मी एका इमानी माणसाला तुमच्यासमोर चोर म्हटलं. मी खोटा ठरलो. तुमच्याचसमोर त्यांची माफी मागतो.” कुणी टाळी वाजवली नाही. आबा सावकाश उभे राहिले आणि सगळ्यांकडे वळले.

“आते बठ्ठा ऐका. गाडी परत पेट्रोल पिनी तर पहिले इंजिन उघाडा, मंग मनं तोंड दखा.”

हा ठराव म्हणून मंजूर झाला. इतिवृत्त लिहायचं काम माझंच होतं. अध्यक्षांनी वाकून वहीत पाहिलं आणि कुजबुजले, “अरे, शुद्ध मराठीत घाल ते.”

मी घातलं नाही. आबा बोलले तसंच, शब्दाला शब्द लिहिलं, आणि खाली सही केली.