निळ्या भिंतीवरचा तडा

मला राग पटकन येतो आणि तो लपवता येत नाही. लोकांच्या घरातले तडे मोजणाऱ्या बाईचा असा स्वभाव असू नये, पण काम मला मनापासून आवडायचं. उलव्याकडे इमारतींवर इमारती चढू लागल्या, तसे पनवेलजवळच्या टेकड्यांत खडीसाठी रोज सुरुंग लागू लागले. त्या हादऱ्यांनी घरांचं आणि विहिरींचं काय होतं, हे तपासायला आम्हा इंजिनियरांना पाठवायचे. खाणवाल्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: लोक घराची निगा राखत नाहीत, म्हणून भिंती तडकतात.

एका गावात खाणीला सगळ्यात जवळचं घर एका मावशींचं होतं. तक्रारही पहिली त्यांचीच. पहिल्या भेटीत त्यांच्या पडवीत खिडकीपासून जमिनीपर्यंत उतरलेला तडा मी पाहिला, पण नेमकी तेव्हाच फोनची बॅटरी संपली. सोमवारी यंत्र घेऊन मोजायला येते, असं सांगून निघाले. सुरुंग हलके करायचे की नाहीत, हे या घराच्या अहवालावर ठरणार होतं.

सोमवारी पाहते तर भिंत निळीशार. तडा गायब.

"मावशी, तडा कुठे गेला?"

"भरला ना. पुट्टी लावली, वर रंग मारला," मावशी खुशीत म्हणाल्या. "तू फोटो काढनार, चार मोठी मानसं ते बगनार. फाटक्या घराचा फोटू बरा दिसतो काय?"

मी कपाळाला हात लावला. निदान विहिरीचं पाणी तरी तपासू म्हटलं, तर त्यांनी आधीच भरून ठेवलेली बाटली पुढे केली. पाणी आरशासारखं स्वच्छ.

"सुरुंगानंतर पाणी गढूळ येतं म्हणाला होतात ना?"

"येतं ना. पन पावन्याला तसं कसं देवाचं? तुरटी फिरवली, फडक्यातून गाललं."

माझा पारा चढला. असा अहवाल गेला तर गावात सगळ्यात धडधाकट घर तुमचंच ठरेल, असं मी फटकन बोलून गेले. मावशींचा चेहरा उतरला.

"म्हंजे आमीच खोटं ठरू?"

मला स्वतःची लाज वाटली. मी अंगणात हादरे मोजायचं यंत्र मांडलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

दुपारी खाणीचा भोंगा झाला, मग धडाका. फडताळातली भांडी वाजली. आम्ही दोघी पडवीत धावलो. भिंतीवरून थोडी भुकटी सांडली होती आणि निळ्या रंगातून एक बारीक पांढरी रेघ खिडकीपासून खाली उतरली होती, जुन्या वाटेनेच.

मला हसूच आलं. तडा अजून हलतो आहे का, हे बघायला आम्हीसुद्धा त्यावर प्लास्टरची पट्टी लावून ती फुटायची वाट बघतो. मावशींनी तेच काम अख्ख्या भिंतीवर, रंगासकट करून ठेवलं होतं. मी भराभर फोटो काढले, यंत्रावरचा आकडा टिपला. मग विहिरीतून पोहरा ओढला, तर पाणी तांदळाच्या धुवणासारखं. मावशी तुरटी आणायच्या आत बाटलीचं झाकण घट्ट लावून टाकलं.

पुढे त्या अहवालावरून सुरुंग हलके झाले. त्या दिवशी मात्र मावशींना अहवालाचं काहीच पडलं नव्हतं. त्या भिंतीसमोर हिरमुसून उभ्या होत्या.

"दोन दिस खपले मी या रंगापायी," त्या म्हणाल्या. "घर आमी नीट ठेवलं व्हतं, ते लिवशील ना, बाय?"

फॉर्मवर शेवटचा रकाना होता, 'घराची निगा'. एरवी मी तिथे 'बरी' लिहून मोकळी व्हायचे. त्या दिवशी लिहिलं: 'निगा उत्तम. रंग परवाचा, तडा आजचा.' मावशींना ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.